कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी: तिचा आकार, तिची हालचाल आणि शेजारणींशी तिचं नातं कसं ठरतं?

केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या हंगामासाठी कापसाचे दोन हमीभाव जाहीर केले. मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये. मध्यम धागा म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर आणि लांब धागा म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर. म्हणजे क्विंटलमागचे हे ४०० रुपये मुख्यतः पाच मिलिमीटरवर अवलंबून असतात.

हे पाच मिलिमीटर कुठून येतात? वाण, पाऊस, खत, जमीन अशी उत्तरं कुणीही देईल आणि ती बरोबरच आहेत. पण या सगळ्याचा परिणाम शेवटी जिथं होतो, ती जागा डोळ्यांना दिसत नाही. ती जागा म्हणजे एक पेशी.

कापसाचा प्रत्येक धागा ही एकच पेशी असते. बोंडातून ओढून काढलेला एक तंतू घ्या. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. म्हणजे जाडीच्या हजारपटीहून जास्त लांबी. एखाद्या पेशीला असा आकार मिळतो कसा आणि तो टिकतो कसा, हे समजलं की आपल्या कातडीच्या, हृदयाच्या आणि मेंदूच्या पेशींचंही बरंच काही समजतं. त्यामुळे आपण सुरुवात नांदेडच्या कापसापासूनच करू.

नांदेडच का?

नांदेड-परभणीच्या काळ्या जमिनीतल्या देशी कापसाला पूर्वी बाजारात 'गावराणी' असं नाव होतं. निजामाच्या राजवटीत नांदेडमध्ये उस्मानशाही मिल उभी राहिली ती याच पट्ट्यातल्या कापसाच्या भरवशावर. पुढे ऐंशीच्या दशकात मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड इथल्या कापूस संशोधन केंद्रानं 'एनएचएच-४४' हा संकरित वाण दिला. 'नांदेड-४४' या नावानं तो मराठवाड्याबाहेरही घरोघरी पोहोचला. बीटी बियाणं येण्याआधीच्या शेतकऱ्यांना आजही हे नाव विचारून बघा.

वाण निवडताना जिनिंगवाला आणि सूतगिरणी जे बघतात, ते म्हणजे धाग्याची लांबी, ताकद आणि तलमपणा. या तिन्ही गोष्टी पेशीच्या आत ठरतात.

फूल उमलतं त्या दिवशी काय होतं?

कापसाचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. फूल उमलतं त्याच सुमारास आत, पुढे जिची सरकी होणार आहे त्या बीजांडाच्या सालीवर काही पेशी फुगून वर येतात. सालीवरच्या साधारण तीन-चार पेशींपैकी एकीलाच हे जमतं. बाकीच्या सालीच्या सालीच राहतात. काही पेशी उशिरा जाग्या होतात आणि त्यांची लांबी फारशी वाढत नाही. जिनिंगनंतरही सरकीला चिकटून राहणारी बारीक लव म्हणजे याच उशिरा उठलेल्या पेशी.

वेळेवर उठलेल्या पेशी पुढचे दोन-तीन आठवडे लांब होत राहतात. वाढ जोरात असते तेव्हा एका दिवसात दोन मिलिमीटरपेक्षाही जास्त. एका सरकीवर अशा दहा हजारांहून जास्त पेशी एकाच वेळी लांब होत असतात. बाहेरून मात्र हिरवं बोंड फक्त थोडं मोठं होताना दिसतं.

आता एक साधा प्रश्न. पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी असं आपण शाळेत शिकतो. पिशवीत पाणी भरलं तर ती फुगून गोल व्हायला हवी. मग ही पिशवी सुतासारखी लांबच का होते?

सांगाडा, पण सतत मोडणारा आणि उभा राहणारा

पेशीच्या आत प्रथिनांच्या तंतूंचं एक जाळं असतं. त्याला पेशीसांगाडा म्हणतात, पुस्तकात सायटोस्केलेटन. अकरावीच्या जीवशास्त्रात याच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येतो. नीटच्या तयारीसाठी लातूरला आलेल्या मुलांना तो तोंडपाठही असतो. अडचण 'सांगाडा' या शब्दाची आहे. तो ऐकला की डोळ्यांसमोर हाडं येतात, म्हणजे एकदा तयार झाली की तशीच राहणारी गोष्ट.

पेशीतला सांगाडा त्यापेक्षा लग्नाच्या मांडवासारखा आहे. तोही असा मांडव, जिथं पंगत चालू असतानाच खांब काढून दुसरीकडे रोवले जातात आणि तरीही छत खाली येत नाही.

हा मांडव तीन प्रकारच्या तंतूंचा असतो. सगळ्यात जाड असतात त्या सूक्ष्मनलिका. जाड म्हणजे २५ नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा सुमारे तीन हजार नलिका शेजारी शेजारी बसतील. त्या आतून पोकळ असतात आणि ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांनी बनतात. सगळ्यात बारीक असतात ॲक्टिनचे तंतू, साधारण ७ नॅनोमीटर जाडीचे. या दोघांच्या मधल्या जाडीचे, साधारण १० नॅनोमीटरचे, म्हणून ते मध्यम तंतू. आपल्या कातडीच्या पेशींतलं केराटिन हे त्यांचंच उदाहरण. हे मध्यम तंतू दोरखंडासारखे ताण सोसतात. वनस्पतींच्या पेशींत मात्र असे दोरखंड नसतात, कारण त्यांना बाहेरून कडक भिंत मिळालेली असते.

सूक्ष्मनलिकांचं वागणं तर फारच विचित्र. टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की या नलिका एका टोकाला वाढत असतात आणि मध्येच अचानक त्या टोकाकडून भराभर सुट्या होत जातात. शेजारची नलिका त्याच वेळी वाढत असते. वरवर बघता हा निव्वळ अपव्यय वाटतो. पण यामुळे पेशीला दर मिनिटाला नवा आराखडा करता येतो. जिथं नलिकेला आधार मिळतो तिथं ती टिकते, बाकी मोडतात आणि त्यांच्या विटा दुसरीकडे वापरल्या जातात.

याच नलिकांवरून पेशीतला माल वाहिला जातो. कायनेसिन नावाचं प्रथिन पाठीवर मालाची पिशवी घेऊन नलिकेवरून अक्षरशः पावलं टाकत चालतं. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं आणि प्रत्येक पावलाला इंधनाचा एक रेणू खर्च.

पुन्हा बोंडात

कापसाच्या लांब होणाऱ्या पेशीत या सूक्ष्मनलिका पटलाच्या आतल्या बाजूनं आडव्या, कड्यांसारख्या लागलेल्या असतात. पटलात सेल्युलोज विणणारी यंत्रणा असते. ती या नलिकांच्या वाटेनं सरकते आणि बाहेरच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे सोडत जाते. साहजिकच भिंतीतले सेल्युलोजही आडवे, वेढ्यावर वेढे असे बसतात. पिंपाला लोखंडी पट्ट्या मारल्यावर ते जाडीनं फुगू शकत नाही, तसंच इथं होतं. आतून पाण्याचा दाब वाढला की पेशीला लांब होण्यावाचून पर्याय उरत नाही.

पण दाब वाढवायचा तर पाणी आत ओढलं पाहिजे आणि ओढलेलं टिकलं पाहिजे. इथं शेजारणींचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वात रंजक भाग हाच आहे.

वनस्पतींच्या पेशींमध्ये भिंती असल्या तरी त्या भिंतींना आरपार बारीक भोकं असतात. त्यांतून एका पेशीचा द्रव दुसरीत जातो. या वाटांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांच्या मधल्या भिंतीत ठेवलेली खिडकी समजा. साखर, क्षार, निरोप, सगळं या खिडकीतून येतं-जातं. आता कापसाच्या पेशीनं ही खिडकी सताड उघडी ठेवली तर आत साठवलेली साखर आणि पोटॅशियम शेजारच्या पेशींत झिरपून जाईल आणि दाब तयारच होणार नाही.

ऑस्ट्रेलियातल्या योंग-लिंग रुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की फूल उमलल्यावर साधारण दहाव्या दिवशी कापसाची ही पेशी आपल्या खिडक्या बंद करते आणि सोळाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा उघडते. बंद करण्यासाठी कॅलोज नावाच्या पदार्थाचा बोळा वापरला जातो. मधल्या काळात ती पोटॅशियम आणि साखर पटलातून ओढून घेते, त्यांच्यामागे पाणी येतं, दाब चढतो आणि पेशी जोरात लांब होते. याच गटानं २००४ मध्ये वेगवेगळे वाण ताडून पाहिले. ज्यांच्या खिडक्या जास्त दिवस बंद राहिल्या, त्यांचा धागा जास्त लांब निघाला.

म्हणजे ज्या पाच मिलिमीटरपासून आपण सुरुवात केली, त्यांचा एक मोठा हिस्सा इथं आहे. एका पेशीनं शेजारणींशी दार किती दिवस लावून घेतलं, यात.

मराठवाड्यात बहुतांश कापूस कोरडवाहू. जूनमध्ये लागवड, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलं आणि बोंडं. नेमका याच काळात पावसाचा खंड पडला तर झाडाला पाणी कमी पडतं, पेशीचा दाब घटतो आणि धागा आखूड राहू शकतो. नंतर पाऊस आला तरी आधीच्या बोंडांतली लांबी भरून निघत नाही, कारण दोन-तीन आठवड्यांनी पेशी काम बदलते. सूक्ष्मनलिकांची दिशा आडवी राहत नाही, तिरपी होते, सेल्युलोजचे थर गोल जिन्यासारखे चढू लागतात आणि भिंत आतून जाड होत जाते. या थरांवर धाग्याची ताकद आणि मायक्रोनेअर ठरतो. शेवटी पेशी मरते, बोंड फुटतं, आणि मागे उरते ती नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असलेली रिकामी भिंत. आपण अंगावर घालतो ती हीच.

काट्यावर मात्र पेशीचं सगळं कर्तृत्व एका बाजूला आणि ओलाव्याची कपात दुसऱ्या बाजूला, असाही अनुभव शेतकऱ्यांना येतोच. तो विषय वेगळा.

चालणाऱ्या पेशी

कापसाची पेशी लांब होते, पण जागा सोडत नाही. भिंतीत राहणाऱ्यांना ती मुभा नाही. प्राण्यांच्या पेशींना भिंत नसते, म्हणून त्या चालू शकतात.

कापूस वेचणाऱ्या बायकांची बोटं पाहिली असतील तर वाळलेल्या बोंडाची टोकं काय करतात हे सांगायला नको. बोटाला असा ओरखडा बसला की जखमेतून रासायनिक निरोप सुटतात. जवळच्या रक्तवाहिनीतून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्या अस्तराला चिकटतात, अस्तराच्या दोन पेशींच्या मधल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जखमेकडे निघतात. वेग असतो मिनिटाला साधारण दहा मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जायला दीडेक तास. आपल्याला हा वेग गोगलगायीचाही वाटणार नाही, पण पेशी स्वतःच दहा-पंधरा मायक्रोमीटरची आहे हे लक्षात घ्या. दर मिनिटाला ती जवळपास आपल्या अंगाएवढं अंतर कापते.

चालण्याचं तंत्र ॲक्टिनचं. पुढच्या बाजूला ॲक्टिनचे तंतू भराभर वाढतात आणि पटलाला पुढे ढकलतात. पुढे आलेला भाग खाली पकड घेतो. मग मायोसिन नावाचं प्रथिन ॲक्टिनला ओढतं आणि मागचा भाग पकड सोडून पुढे येतो. हेच ॲक्टिन-मायोसिन आपल्या दंडाच्या स्नायूत नीट रांगा लावून बसलेलं असतं आणि पोतं उचलायला कामी येतं. पुढच्या काही दिवसांत ओरखड्याच्या दोन्ही काठांवरच्या कातडीच्या पेशीही अशाच सरकत येतात आणि जखम झाकतात. मात्र त्या एकेकट्या येत नाहीत. हातात हात धरून, पत्रा सरकावा तशा येतात.

एकमेकींना धरून ठेवणं

कातडीच्या दोन पेशी एकमेकींना जिथं धरतात तिथं शर्टाच्या चापाच्या बटणासारखे जोड असतात. त्यांना डेस्मोसोम म्हणतात. आतल्या बाजूनं या बटणांना केराटिनचे दोरखंड बांधलेले असतात. त्यामुळे कातडी एका जागी ओढली तरी ताण अनेक पेशींत वाटला जातो. हा जोड काय कामाचा आहे ते तो तुटल्यावर कळतं. पेम्फिगस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून याच बटणांवर हल्ला करते आणि अंगभर, तोंडात सहज फुटणारे फोड येतात. केराटिनच्या जनुकातच दोष असेल तर लहान मुलाला नुसतं घासलं तरी फोड येतो.

आतड्यात गरज वेगळी. तिथं पेशींच्या मधून काही झिरपायला नको, म्हणून वरच्या काठाला शिवण घातल्यासारखे घट्ट जोड असतात. हृदयात पुन्हा तिसरीच तऱ्हा. तिथं शेजारच्या पेशींमध्ये बारीक नळ्या असतात आणि विजेचा निरोप त्यांतून एका पेशीतून दुसरीत जातो. म्हणूनच असंख्य पेशी एकाच ठोक्यात आकुंचन पावतात. कापसाची खिडकी आणि हृदयातली नळी यांची बनावट पूर्ण वेगळी आहे, काम मात्र ओळखीचं वाटेल.

लातूरच्या सोयाबीनमध्ये कोण कुणाला आत घेतं?

लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी ओळखली जाते. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचं पाकीट चोळायचं, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हे पाकिटातले जिवाणू मुळात शिरतात कसे?

मुळावरचा प्रत्येक बारीक केस हीही एकच पेशी असते, कापसाच्या धाग्यासारखीच, फक्त टोकाकडून वाढणारी. जिवाणूंचा रासायनिक निरोप पोहोचला की काही मिनिटांत तिच्या आतल्या ॲक्टिनची मांडणी बदलू लागते. पुढे केसाचं टोक वाकडं होतं आणि जिवाणूंना मुठीत धरावं तसं धरतं. मग पेशी आतल्या बाजूला एक बोगदा काढायला लागते. पेशीचं केंद्रक पुढे पुढे आणि बोगदा त्याच्या मागे, आणि या वाटेची आखणी सूक्ष्मनलिकांनी केलेली. बोगद्यातून जिवाणू मुळाच्या आतल्या पेशींत पोहोचतात आणि तिथं गाठ तयार होते. सोयाबीनचं रोप उपटून गाठ कापा. आतून गुलाबी दिसली तर हवेतला नत्र पकडण्याचं काम चालू आहे.

अंगणातली दोन फुलं

पेशीसांगाड्याबद्दल माणसाला जे कळलं, त्यातलं बरंचसं विषांमुळे कळलं. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी आठवा. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते ट्युब्युलिनच्या विटांना चिकटतं आणि नलिका उभ्या राहू देत नाही. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला नलिकाच लागतात, त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडकतं. १९६० च्या दशकात संशोधकांनी 'कोल्चिसिन नेमकं कशाला चिकटतं' याचा शोध घेतला आणि त्यातूनच ट्युब्युलिन हाती लागलं.

कापूस पैदासकारांना हे विष उपयोगी पडलं. देशी कापसात २६ गुणसूत्रं, अमेरिकन कापसात ५२. दोघांचा संकर केला तर झाड वांझ निघतं. कोल्चिसिननं विभाजन अडवून गुणसूत्रं दुप्पट केली की पुढची पिढी मिळण्याची शक्यता तयार होते.

दुसरं फूल सदाफुली. तिच्यापासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात जगभर वापरलं जातं. तेही ट्युब्युलिनलाच चिकटतं आणि झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींचं विभाजन रोखतं. पण या औषधानंतर हातापायांना मुंग्या का येतात, बोटं बधिर का होतात, असा प्रश्न रुग्णाच्या घरचे विचारतात. चेतापेशी तर दुभंगत नाही. उत्तर मालवाहतुकीत आहे. पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू कमरेपासून जवळपास एक मीटर लांब असतो आणि त्याच्या टोकापर्यंत लागणारा माल सूक्ष्मनलिकांवरूनच जातो. वाट बिघडली की सगळ्यात लांबच्या गावाला आधी फटका बसतो.

कर्करोग पसरतो तेव्हाही हीच दोन कामं बिघडलेली असतात. पेशी शेजारणीचा हात सोडते आणि एरवी पांढऱ्या पेशीला शोभेल तसं चालायला लागते. गाठ जिथल्या तिथं असताना आणि पसरल्यानंतर, उपचारांत इतका फरक का पडतो ते यावरून लक्षात येईल.

एक सूचना इथं द्यायलाच हवी. मधुमेहावर सदाफुलीची फुलं-पानं चावून खाण्याचे सल्ले मोबाइलवर फिरत असतात. ज्या झाडातून कर्करोगाचं औषध निघतं, त्याचे घरगुती डोस घेऊ नका. कळलावीचा कंद तर अजिबात तोंडात घालायचा नाही. त्यानं मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

हे डोळ्यांनी बघता येतं का?

काही प्रमाणात हो, आणि तेही शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून. पक्व कापसाचा एक तंतू पाण्याच्या थेंबात ठेवला तर तो पिळलेल्या फितीसारखा दिसतो. भिंत नीट जाड न झालेला कच्चा तंतू चपटा आणि कमी पिळाचा असतो. ही मेलेली पेशी.

जिवंत हालचाल बघायची तर विहिरीत किंवा तळ्यात वाढणाऱ्या हायड्रिलाचं एक कोवळं पान काचपट्टीवर घ्या आणि थोडा वेळ उजेडात राहू द्या. पेशीच्या भिंतीकडेनं हिरवे हरितलवक एकामागोमाग गोल फिरताना दिसतात. त्यांना फिरवणारे ॲक्टिनचे तंतू आणि मायोसिन त्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत, दिसते ती फक्त वरात. पान थोडं कोमट पाण्यात ठेवलं तर वेग वाढतो, गार पाण्यात ठेवलं तर मंदावतो. वर्गात घड्याळ लावून मोजता येईल इतपत.